बारशासाठी ठेवलेली जागा

आज चौकातल्या दुकानदाराने डिस्क माझ्या हातात परत दिली. "दीदी, इसमें कुछ नहीं है. खाली बता रहा है."

खाली म्हणे! रामघाटाच्या गल्लीतून घरी येताना मला गरम झालेल्या प्लॅस्टिकचा तो जुना वास आठवत राहिला.

काही वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी आमच्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर घरघरत होता. धाकट्या बहिणीच्या, रेवाच्या मंगळागौरीची कॅसेट मी डीव्हीडीवर उतरवत होते. आई शेजारी वाती वळत बसली होती. पदर खोचून फुगडी घालणारी ती स्वतःच पडद्यावर आली, तशी केवढी लाजली. काम संपल्यावर मी विचारलं, "आई, डिस्क बंद करू? बंद केली की कुठल्याही प्लेअरवर लागेल. पण मग त्यात नवीन काही घालता येणार नाही."

"जागा आहे ना अजून?"

"अर्धी आहे."

"मग नको गं बंद करूस. रेवाला दिवस गेलेत. बाळाचं बारसं पण ह्यातच घालू."

बारशाआधीच आई गेली. पुढे तो कॉम्प्युटर बिघडला, आणि बंद न केलेली ती डिस्क दुसऱ्या कुठल्याच मशीनला वाचता येईना.

आता गच्चीवर मी ती उन्हात धरली आहे. आतलं वर्तुळ जरा काळपट दिसतं. तेवढंच लिहिलेलं आहे, आणि त्या वर्तुळात आई फुगडी घालते आहे. बाहेरचा पट्टा मात्र अजून कोरा, चकचकीत आहे. तो तिने बाळासाठी ठेवला होता.