मागच्या सीटखालची कात

रविवारी गाडी आतून साफ करायला घेतली. मॅट झटकल्या, मागच्या सीटखाली ब्रश फिरवला, तर त्याला अडकून सापाची कात बाहेर आली. कोरडी, हातभर लांब. माझी मुलगी रोज तिथेच बसते.

सर्पमित्राने सीट काढून सगळी गाडी धुंडाळली. "गेला असेल, ताई," तो म्हणाला.

"असेल?" मी विचारलं. तो सीट परत जागेवर बसवू लागला.

ज्या जागेला आपण इतक्या सहज आपली म्हणतो, तिथे आणखी कोण राहून जातं, कुणास ठाऊक!

सोमवारी शाळेला निघालो. गाडी लख्ख झाली होती. मुलीने हळूच विचारलं, "आई, पाय वर घेऊन बसू?"

"बस," म्हटलं. माझे पाय मात्र खाली, पेडलवरच ठेवावे लागणार होते.