चटका न लागणारे पाय

माझा थोरला भाऊ रेणापूरजवळ शेती करतो, मी नांदेडला राहतो. दादाला अकरा वर्षांपासून साखर आहे. तपासणीचे आकडे मी वहीत लिहून ठेवतो, त्याला त्यातला एकही आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की लातूरजवळच्या निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहिलं की गोळ्या सुटतात. तो हट्टाला पेटला, म्हणून मी सुट्टी काढून सोबत गेलो.

तिथले उपचारक इतक्या मऊ आवाजात बोलत, की ऐकायला पुढे झुकावं लागे. त्यांनी दादाची जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबलं. पायांकडे पाहिलं नाही. शरीरात साठलेली घाण हेच सगळ्या आजारांचं मूळ, असं म्हणाले. मी विचारलं, कोणती घाण, कुठे साठते, किती, हे कळतं कसं?

"सगळंच मोजता येत नाही, साहेब."

जे मोजता येत नाही ते बरोबर दहा दिवसांत निघतं, एवढं मात्र त्यांना नेमकं ठाऊक होतं.

जेवण चांगलं होतं, ते नाकारत नाही. भाकरी, पालेभाजी, काकडी, तेल नावाला, चहा बंद, सकाळी तासभर चालणं. हेच सगळं वहिनी घरी वर्षानुवर्षं सांगत होती, पण ती मऊ आवाजात सांगत नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या थांबवायला सांगितल्या. मी नको म्हणालो, दादानं ऐकलं नाही. उपाशीपोटी साखर १४८ होती. चौथ्या दिवशी १९६, पाचव्या दिवशी २३१. मी वही पुढे केली.

"आजार बाहेर पडतोय," उपचारक समाधानानं म्हणाले.

आकडा उतरला तर उपचारानं, चढला तरी उपचारानंच. असं गणित आम्ही शाळेत मांडलं असतं, तर मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सहाव्या दिवशी गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं होतं. दादाच्या शेजारी लातूरचे एक म्हातारे कापड दुकानदार होते. पाय टाकताच त्यांनी ते वर ओढले.

"या अल्ला! भट्टी हाय का काय ही?"

दादा हसला. "चाचा, तुमी गादीवर बसणारी मानसं. आमी उन्हात ढेकळातून अनवाणी चालल्यालो. ह्या पायाला कायबी होत न्हाई."

"ही खरी निसर्गातली माणसं," उपचारक म्हणाले आणि दादाच्या बादलीत आणखी एक तांब्या कढत पाणी ओतलं.

मीही हसलो. आमच्या घरात टणक तळव्यांचं कौतुकच होतं. वडील तुरीच्या धसकटांतून अनवाणी चालत आणि तसं चालता येणं ही मर्दपणाची खूण मानली जाई. वीस मिनिटं सांगितली होती, ती मी घड्याळ लावून पुरी वीस मोजली. पाण्यात बोट घालून पाहिलं नाही.

संध्याकाळी दादाच्या दोन्ही पायांवर लिंबाएवढे फोड आले होते.

"दुखतंय का?"

"न्हाई की. कुठं?"

तेव्हा कुठे मला उमगलं. साखरेनं त्याच्या पायांची जाणीव केव्हाच नेली होती आणि आम्ही दोघं भाऊ त्या बधिरपणाला शेतकऱ्याचा पाय समजून मिरवत होतो. तसंच त्याला लातूरला दवाखान्यात नेलं. पाच आठवडे मलमपट्टी चालली, तरी उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, तुमी व्हता ना तिथं?"

उपचारकांनी फोनवर सांगितलं, की रुग्णाने आधी बोलायला हवं होतं. विचारायचं काम कुणाचं, हे त्यांच्या निसर्गात बसत नसावं.

दादा घरी आल्यावर चाकूरचे आमचे मेहुणे भेटायला आले. त्यांनाही साखर. दादा खाटेवरून त्यांना सांगू लागला, "पाय गेला खड्ड्यात, पर वजन तीन किलो उतरलं बघा." मेहुण्यांनी लगेच केंद्राचा पत्ता विचारला.

मी त्यांना चप्पल काढायला लावली, डोळे मिटायला सांगितलं आणि झाडूची काडी घेऊन त्यांच्या तळव्याशी बसलो.

"लावा की," ते डोळे मिटूनच म्हणाले. "किती येळ बसायचं?"

माझं दोनदा टोचून झालं होतं.