लहूने मेंब्रेन वाळत घातलं

लहू मनोरीचा कोळी. आमच्या दहिसरच्या रंगांच्या कारखान्यात तो आला, तेव्हा मी विचारलं, "होडी सोडून या नरकात कशाला आलास रे?" कारण पुढे कळलं. खाडीच्या मासळीला औषधासारखा वास यायला लागला, गिऱ्हाइकं त्याच्या आईच्या, शेवंतीबाईंच्या टोपलीत मासे परत टाकू लागली. होडी विकावी लागली. आणि नोकरी मिळाली ती नेमकी खाडी नासवणाऱ्यांकडे! "वैऱ्याची चाकरी करतंस," असं आई उठताबसता ऐकवायची. लहूला ते फार लागायचं.

चहाला आम्ही गच्चीवर बसायचो. ओहोटीला चिखलात सरपटणारे निवट्या मासे हाताने कसे पकडायचे, खडकावरच कालवं फोडून कशी खायची, हे तो रंगवून सांगायचा. माझा चहा निवून जायचा. ते दिवस आता फार आठवतात.

मग सांडपाण्याचा नवा प्लांट बसला. आत मेंब्रेन, म्हणजे पांढऱ्या पोकळ दोऱ्यांच्या जुड्या. विषारी पाणी त्यांतून ओढलं की चांगलं पाणी पलीकडे येतं, विष अलीकडेच राहतं. ते काम लहूने मागून घेतलं.

आणि पहिल्याच धुण्यानंतर पठ्ठ्याने सगळ्या जुड्या गच्चीवर कडक उन्हात वाळत घातल्या! जाळं धुतलं की वाळवायचं, नाहीतर कुजतं; कोळ्याला हे काय शिकवावं लागतं? पण मेंब्रेन कायम ओलं लागतं. वाळलं की छिद्रं मिटतात, कामातून गेलं. आमच्या इंजिनिअर स्वरदा मॅडमनी कपाळावर हात मारला.

नव्या जुड्या यायला अवकाश होता, सांडपाण्याची टाकी काठोकाठ आलेली. मॅनेजर म्हणाले, "सोड नाल्यात. एवढ्याने काय होतंय?"

लहू नाल्याच्या वॉल्व्हपुढे उभा राहिला. "सायेब, चूक माझी हाय, मला काढून टाका. पन हे पानी माझ्या आयच्या दारात जातंय. मी नाय सोडनार."

स्वरदा मॅडम त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजरांनी चरफडत कारखाना बंद ठेवला. घरी बसावं लागलं म्हणून आम्ही लहूला शिव्या घातल्या, पण मनातून मला त्याचा अभिमान वाटला होता.

परवा लहू रिटायर झाला. त्याला पोचवायला मी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेलो. शेवंतीबाई आता कंबरेत वाकल्यात. ओट्यावर शेजाऱ्याने दिलेली खाडीची बोय मासळी साफ करायला बसल्या होत्या. बोलता बोलता मी वॉल्व्हची गोष्ट काढली. लहूने ती घरी कधी सांगितलीच नव्हती!

मग म्हातारीने बोयचा कल्ला उघडला, नाकाशी धरला.

"वास येतंय रं अजून," ती लहूला म्हणाली. "पन त्यो तुझ्या हातचा नाय."

लहू तिच्याजवळ खाली बसला आणि हमसून हमसून रडला.