बोंडूच्या रंगाची मोटार

मोटारीला चार चाकं असतात, असा माझ्या आईचा ठाम समज होता. त्यामुळे २००३ साली मी घेतलेली पहिली मोटार दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिने कौतुक वगैरे न करता गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "चौथं कुठे पडलं?"

"पडलं नाही. नव्हतंच," मी म्हणाले.

"आणि हे तुम्ही दोघांनी बघून घेतलंत?"

आता दोघांनी काय बघितलं आणि कोणी काय घेतलं, हे सांगायचं तर त्या दिवशी सकाळपासून सांगावं लागेल.

जुन्या मोटारींचा मला लहानपणापासून नाद. बिस्किटांच्या डब्यात खेळण्यातल्या मोटारी होत्या, पण त्या मी कोणाला दाखवत नसे. (मी कोणाला काहीच दाखवत नसे. शाळेत हजेरी घेताना माझं 'प्रेझेंट, मिस' मिसपर्यंत पोचत नसे, आणि महिन्यातून तीन-चार दिवस मी वर्गात बसून गैरहजर असे!) पुढे रत्नागिरीतच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. तिथेही माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसे, पण पगार माझ्यापर्यंत पोचत असे. तो साठला तेव्हा ठरवलं, आता डब्यात न मावणारी मोटार घ्यायची. जुनी, खरी. पुढे अजून घेऊ, पण पहिली चांगली निवडायची.

बाबा टेलिफोन खात्यात. गावभर ओळखी. त्यांनी एका निवृत्त डॉक्टरांची गाडी शोधून काढली. क्रीम रंग, चार दारं, रिटायर झालेल्या हेडमास्तरांसारखी सभ्य. बाबांना ती पसंत होती. पण दोन दुकानं फिरल्याशिवाय बाबा छत्रीसुद्धा घेत नाहीत.

"नाटे गावात मुनीरचाचांकडे पण एक जुनी गाडी विकायची आहे म्हणतात," ते म्हणाले. "घ्यायची नाही. नुसती बघून येऊ. म्हणजे डॉक्टरांच्या गाडीची किंमत कळेल."

म्हणून रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही पावस, आडिवरे करत नाट्याला गेलो. मुनीरचाचांनी आयुष्य बोटीवर काढलं होतं. घरी परतल्यावर त्यांच्या घरचा फोन बाबांनी जोडून दिला, तेव्हापासून ते बाबांना टेलिफोनसाहेबच म्हणत.

"बघायची ना? या," म्हणत ते आम्हाला परसात घेऊन गेले. माडाच्या झापांच्या मांडवाखाली काहीतरी जुन्या शिडाने झाकून ठेवलं होतं. चाचांनी शीड ओढलं.

खाली पिकलेल्या बोंडूच्या रंगाची मोटार होती. काजूचं बोंडू झाडावर लालपिवळं होतं ना, अगदी तो रंग. पुढे निमुळतं तोंड, त्याखाली एकच चाक. मागे दोन. इंजिन मागे, डिकी पुढे. असल्या मोटारी एके काळी आपल्या देशात थोड्याशाच बनल्या, हे मी वाचलं होतं. समोर कधी बघितली नव्हती. माझं तोंड उघडं राहिलं होतं, असं स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्या चाची नंतर सांगायच्या.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे वळून त्यांनी सुरुवात केली.

"रंग कसला हा, चाचा?"

"कंपनीचा आहे."

"तीन चाकं म्हणजे रिक्षाच की ही." त्यांनी बोटाने दार वाजवलं. "आणि पत्रा पण नाही. फायबर. उद्या बैलाने शिंग लावलं तर?"

मी कान टवकारले. कारण मी बाबांबरोबर मच्छी मार्केटला जात आले आहे. जे पापलेट घ्यायचं नसतं, त्याचं बाबा तोंडभर कौतुक करतात आणि पुढे जातात. जे घ्यायचं असतं, त्याला "कालचं दिसतंय", "डोळे बघा जरा त्याचे" असं ऐकवतात. बाबा चक्क ही गाडी घेत होते. डॉक्टरांची सोडून, माझं उघडं तोंड बघून!

पण मुनीरचाचा मासे विकणारे नव्हते. त्यांना ते सगळं खरंच लागलं. त्यांचा हात गाडीच्या टपावरून फिरायला लागला, पाहुण्यांसमोर बोलणी खाणाऱ्या पोराच्या डोक्यावरून फिरावा तसा.

"चाय घ्या, टेलिफोनसाहेब," एवढंच ते म्हणाले.

चहा झाला, शेवया झाल्या. गाडीचा विषय कोणी काढला नाही. निघताना चाचांनी एक सोललेला नारळ बाबांच्या हातात ठेवला. "घरच्या माडाचा आहे. असू दे."

कोकणात कोणाच्याही घरून निघालात तरी हातात नारळ पडतो. पण बाबांच्या डोक्यात त्या वेळी फक्त गाडी होती. त्यांचा चेहरा उजळला. व्यवहार पक्का झाला, आणि मुसलमान माणूस असून चाचांनी आपल्या मुहूर्ताची आठवण ठेवली, याने ते इतके भारावले की कोणी काही बोलायच्या आत परसात जाऊन त्यांनी तो नारळ पायरीच्या चिऱ्यावर फोडला आणि पाणी गाडीच्या पुढच्या चाकावर ओतलं.

"झालं. मुहूर्त झाला," बाबा हात जोडून म्हणाले.

मागोमाग आम्ही परसात पोचलो होतो. चाचा ओल्या चाकाकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. 'नाही' म्हणता न येणारा माणूस मी लांबूनही ओळखते. आमचं एक खानदानच आहे म्हणा ना. ते आता भिडेपोटी गाडी देऊन टाकणार होते. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की ती गाडी माझी. आणि गप्प बसण्याचा माझा तर जन्मभराचा सराव!

पण त्यांचा हात परत टपावर गेला होता.

"बाबा," मी म्हणाले, "चाचांनी गाडी दिली नाही. नुसता नारळ दिलाय."

कोणालाच ऐकू गेलं नाही.

मी परत म्हणाले. या वेळी आवाजाचा अंदाज चुकला. कोंबड्या उडाल्या, आणि स्वयंपाकघरातून चाची बाहेर आल्या.

"बरोबर बोलली पोर," त्या म्हणाल्या. "हेच गावभर सांगतात गाडी विकायची म्हणून, नि बघायला येईल त्याला चाय पाजून, नारळ देऊन वाटेला लावतात. ह्यांच्या गाडीपायी माझे माड रिकामे झाले हो. मी म्हणते, ती जाऊ दे. मला मांडवात कोंबड्या ठेवू दे."

बाबा दोन्ही हातांत फुटक्या नारळाचं एकेक कवड घेऊन उभे होते. ती आता कुठे ठेवावीत, हे त्यांना समजेना.

"माफ करा, चाचा. मला वाटलं..."

"ते ऱ्हाऊ द्या." चाचा माझ्याकडे वळले. "तुला हवी काय गो ती?"

"हो."

"कशाला? मुंबईचा एक मागत होता, हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची म्हणून. तू काय करणार तिचं?"

माझ्या डोक्यात इंग्रजीत एक परिच्छेद तयार झाला. फार सुंदर होता. जतन, वारसा, सगळं होतं त्यात. त्यातलं मराठीत बाहेर आलं ते एवढंच:

"मला चालवता येत नाही."

बाबांनी डोळे मिटले.

"स्कूटरपण नाही येत," मी पुढे म्हणाले. एकदा खरं बोलायला लागल्यावर मला थांबता येईना.

"नि तुम्हाला, टेलिफोनसाहेब?"

"माझी... स्कूटर आहे," बाबा म्हणाले.

"मग गाडी नेणार होतात कशी?" चाचींनी विचारलं. "एसटीला बांधून?"

हा मुद्दा आमच्या घरात खरोखरच कोणाच्या लक्षात आला नव्हता. चाचा हसता हसता पायरीवर बसले. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे मलाच आणायला लागेल. नि शिकवायला पण मलाच लागेल."

"हो," मी म्हणाले.

"दर रविवारी येईन हां मी. तू नीट शिकेस्तोवर. मध्येच नको म्हणायचं नाही."

ते मला आलंच नसतं.

मग त्यांनी बाबांना बाजूला घेऊन दोन मिनिटांत किंमत आणि बाकीचं ठरवलं. चाचींनी त्यांचा जुना पाटा आणून पुढच्या डिकीत ठेवला. "चढावाला ही तोंड वर करते," त्यांनी समजावलं. "पुढे वजन लागतं." अशा रीतीने मोटारीबरोबर मला पाटा मिळाला. वरवंटा नाही.

परतीच्या वाटेवर कळलं, की रस्त्यातला खड्डा दोन चाकांच्या मधे घ्यायचा असतो, आणि आमचं नेमकं तिथेच एक चाक आहे. पावसपर्यंत आम्ही एकही खड्डा चुकवला नाही. बाबा दर खड्ड्याला "गाडी दणकट आहे" म्हणत होते. आता ती घेऊन झाली होती, त्यामुळे कौतुक करायला हरकत नव्हती.

भाट्याच्या पुलाअलीकडे एका मावशींनी हात केला. चाचा सवयीने थांबले. मावशींनी मासळीची पाटी आत सारली आणि त्या माझ्या शेजारी बसल्या.

"मार्केटला सोड रे."

बाबा मागे वळून कुजबुजले, "अगं, सांग त्यांना, रिक्षा नाही ही."

मी मावशींकडे बघितलं. त्या पाय मोकळे करत होत्या. मी थोडी सरकून त्यांना जास्त जागा दिली.

मार्केटजवळ उतरताना त्यांनी भाड्यापोटी पाटीतून चार बांगडे काढून चाचांना दिले, आणि "मीटर लाव रे गाडीला" असंही बजावलं. ते बांगडे बघूनच आईचा राग शेवटी निवळला. चाचांना तिने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि एसटीला सोडताना हातात नारळ दिला. बाबांनी त्या नारळाकडे बघायचं टाळलं.

चाचांनी दिलेला शब्द पाळला. ऊन असो, पाऊस असो, रविवारी पहिल्या एसटीने ते हजर. त्यांनी मला जे रविवार दिले ते कोणाला विकत घेता येत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त पहिले कित्येक महिने ते "आज जरा बघून घे, कसं चालवतात" म्हणत आणि स्वतःच चालवत. आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आम्ही परत येत असू. कागदोपत्री मालकीण मी, आणि शेजारच्या सीटवर अंग चोरून बसलेलीही मीच. काच खाली करायची असली तरी आधी त्यांना विचारत असे, आणि ते "कर गो" म्हणाले, की वर थँक यू म्हणत असे.