ग्वाल्हेरची तुटकी जाळी समुद्रात कशी पोचली

ग्वाल्हेरला लोक किल्ला बघायला जातात, थंडीत तिळाची गजक आणायला जातात, लग्नाला जातात. मालवणहून दीड दिवस गाडीत बसून तिथे तुटका दगड मागायला जाणारे बहुतेक आम्ही दोघंच असू. मी आणि सुलूमावशी.

आधी थोडं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. मी मूळचा ग्वाल्हेरचा. शाळा आठवीत सुटली. मग नानांकडे, म्हणजे माझ्या मोठ्या काकांकडे, दगडाची जाळी कोरायला बसलो. खिडकीला, गॅलरीला लावतात ती, नक्षीच्या भोकांची. सतराव्या वर्षी एक जाळी अर्धी ठेवून तिथूनही पळालो. सुरत झालं, पुणे झालं, गोवा झालं. आता मालवणच्या बाजूला एका गावात बोटीवर आहे. पर्यटकांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवायचं, त्यावर पोट.

हेच प्रवाळ आमच्याच बोटींच्या नांगरांनी मोडत होतं. एक नांगर पडला की बोटभर वाढायला ज्याला वर्ष लागतं, ते टोपलीभर तुटतं. शेवटी गावातले बोटवाले आणि खडकाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं काढणाऱ्या बायका एकत्र बसल्या. भांडण भरपूर झालं, पण ठरलं: नांगर बंद. आता पाण्यात कायमचे तरंगते बोये आहेत, बोट त्यालाच बांधायची. प्रवाळात अडकलेलं जुनं जाळं सोडवून आणायचं. आणि मोडून वाळूत पडलेले जिवंत तुकडे उचलून एखाद्या पक्क्या बैठकीवर बांधायचे, म्हणजे ते गाडले न जाता परत धरतात, चिकटून वाढायला लागतात. हे सगळं वनखात्याच्या परवानगीने, त्यांचा माणूस सोबत घेऊन. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा नुसतं बघा, हात लावू नका. गुन्हा आहे, आणि सुलूमावशी त्याहून वाईट आहे.

सुलूमावशी या सगळ्याची म्होरकी. पंचावन्न वर्षांची, खानावळ चालवते, जन्मभर कालवं काढलीत.

अडचण बैठकीची होती. सिमेंटचे ठोकळे टाकले, लाटेने उलटे झाले. आमचा जांभा दगड टाकून बघितला, तो पाण्यात लाल माती सोडतो. एक दिवस खानावळीत मी फोनमधले घरचे फोटो दाखवत होतो. नानांच्या आवाराचा एक फोटो आला, कोपऱ्यात तुटक्या जाळ्यांचा ढीग.

मावशीने फोन हिसकावला. "ह्या काय?"

"तुटका माल."

"हेच्या भोकांतसून पाणी आरपार जातला. मगे हो दगड उलटात कित्याक?"

त्याच संध्याकाळी काकूला फोन लावला. काकू म्हणाली, सोमवारी नानांचा एक ट्रक गोव्याला जातोय, कुठल्या हॉटेलच्या जाळ्या घेऊन, आणि मागे जागा आहे. आमचं गाव वाटेवरच. पण नानांचा एक नियम त्यांच्या अख्ख्या किला गेट भागाला माहीत आहे: तुटका माल आवाराच्या बाहेर जात नाही. तुटला की तिथेच खड्ड्यात, नाहीतर भिंतीच्या पायात. आणि मला तर ते चार वर्षं बोललेच नव्हते.

"मी येतंय," मावशी म्हणाली. ती तोपर्यंत कोल्हापूरच्या पलीकडे गेली नव्हती.

रत्नागिरीपर्यंत एसटी आणि तिथून थेट ग्वाल्हेरची गाडी. स्लीपरने जाणार असाल तर डिसेंबरात भुसावळनंतर जाड पांघरूण पाहिजेच. डब्यात मावशीने सुक्या बांगड्याची चटणी उघडली आणि समोरचं सगळं कुटुंब वरच्या बर्थवर गेलं. तिच्या पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक जड काहीतरी होतं. मला वाटलं नारळ असेल.

शनिवारी सकाळी उतरलो तर धुकं इतकं की स्टेशनची पाटी दिसेना. मावशीने माझं जॅकेट अंगात घातलं, त्यावर शाल, त्यावर टॉवेल.

"बर्फाच्या फॅक्टरीत आणलंस काय रे माका?"

ई-रिक्षा केली. सीटवर बसलात तर माणशी वीस रुपये, पूर्ण रिक्षा करायची तर भाव करा, पहिला आकडा ऐकू नका. इंदरगंजच्या चौकात उतरून बेडई खाल्ली. डाळ भरलेली जाडसर पुरी, सोबत बटाट्याची पातळ झणझणीत भाजी, वरून जलेबी. दोघांचे नव्वद रुपये. मावशीने दुसरी प्लेट मागितली आणि दुकानदाराला मालवणीत सांगितलं की भाजीत खोबरं पाहिजे होतं. तो म्हणाला, "जी माताजी, बिलकुल." आणि अजून एक जलेबी वाढली.

नानांचं आवार किला गेटच्या आतल्या गल्लीत. दगडाची पांढरी धूळ, चार माणसं टांक्या, म्हणजे छिन्न्या, मारतायत, टक टक टक. नाना खाली बसून एका जाळीचा कोपरा कोरत होते. मान वर केली नाही.

"आला?"

"हो नाना."

"कधीपर्यंत?"

"सोमवारपर्यंत."

"मतलब पळायचं तिकीट काढूनच आला. शाबास."

मी मावशीची ओळख करून दिली, मग आलो कशाला ते सांगितलं. ऐकता ऐकता नानांचा हात थांबला.

"समुद्रात? पाण्याच्या खाली? कौन देखेगा भाई? मासे? ताई, तुम्ही पाहुण्या आहात, चहा घ्या, जेवा, चार दिवस राहा. पण टूटा हुआ माल इथून जात नाही. माझ्या हाताचं आहे ते. तुटकं बाहेर गेलं तर लोक म्हणतील, बुड्ढ्याचा हात गेला."

"दादानू, थंय लोकच नाय, म्हणतले कोण?" मावशी म्हणाली.

"मला तर कळेल ना."

संपलं, असं मला वाटलं. नाना ताटात बघूनच जेवले. काकू आणि मावशी मात्र पहिल्या घासापासून मैत्रिणी. एकीचं मराठी अर्धं हिंदी, दुसरीचं अर्धं मालवणी, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

दुपारी मी सहज फोनवरचा व्हिडिओ लावला, पाण्याखालचा. आमचा सिमेंटचा ठोकळा, त्यावर बांधलेला प्रवाळाचा तुकडा, लाटेबरोबर सगळंच डुलतंय. नाना बघत नव्हते. मग बघायला लागले. मग फोन हातात घेतला आणि चष्मा काढून डोळ्याजवळ नेला.

"हे खालचं काम कोणी केलंय?"

"आम्हीच. साच्यात सिमेंट ओतलं."

"अरे यार, याला बैठकच नाही! लेव्हल कुठे आहे? हे हलणारच. यावर बिचारं काय धरणार?" नानांना खरंच राग आला होता, प्रवाळासाठी नाही, ठोकळ्यासाठी. "कोणी गाढव असं काम करतं का? उद्या तुम्ही दोघं किल्ला बघून या. मला काम करू दे."

मावशीने माझ्या पायावर पाय दिला. मी मान डोलावली.

तर रविवारी किल्ला. किला गेटकडून चढ सरळ पायी जातो, दम लागतो, पण गाडीच्या रस्त्याने जाऊ नका, मजा या चढातच आहे. बाहेरून महालाच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची बदकं आहेत, एका ओळीत चाललेली. मी लहानपणी शंभर वेळा बघितली असतील. मावशी त्यांच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की मागचे लोक तिला चुकवून फोटो काढायला लागले.

"रंग बग रे. पाण्याखाली मासो असाच दिसता."

आत एका झरोक्याच्या जाळीतून तिने हात पलीकडे घातला आणि बोटं हलवली. गार्ड ओरडला, "अम्मा, हाथ मत लगाओ!" मावशीने हात लगेच काढला आणि खूश झाली. "बरा करता. आमी पण असाच आरडतो." उतरताना गजकचे चार डबे घेतले, दोन वाटेतच संपले.

चार वाजता आवारात परत आलो आणि मावशी दारातच थांबली.

नानांनी दिवसभर, चारही माणसं लावून, तुटक्या जाळ्या निवडल्या होत्या. सगळ्यांना खाली सपाट बूड दिलं होतं, एकही डुगडुगत नव्हती. आणि मग, नाना ते नानाच, तुटलेली प्रत्येक कड त्यांनी तासली होती आणि प्रत्येक अंग घासून घासून असं गुळगुळीत केलं होतं की उन्हात चमकत होतं. मोडका तुकडा वाटू नये म्हणून. सतरा जाळ्या ओळीत मांडून नाना बाजूला उभे, अंगावर धूळ, चेहऱ्यावर असा आनंद की तसा मी त्यांच्याकडे होतो तेव्हा एकदाही बघितला नव्हता.

"घ्या ताई. आता समुद्राला पण लाज नाही वाटणार."

मी खाली बघायला लागलो. गुळगुळीत दगडावर काही धरत नाही. ते मला माहीत होतं आणि काल सांगायचं राहिलं, कारण नाना 'हो' म्हणतायत यातच मी हुरळलो होतो. सकाळी ट्रक सुटणार होता.

मावशी तडक वळली. आत गेली, पिशवी आणली, लुगडं सोडलं. नारळ नव्हता. खडकाचा तुकडा होता, एका बाजूला कालवांची शिंपलं घट्ट चिकटलेली, दुसरी बाजू नुसती. तिने नानांचा हात धरला, ओळखपाळख एका दिवसाची, आणि त्यांचा तळवा आधी शिंपल्यांच्या बाजूच्या दगडावर फिरवला. खरखरीत. मग दुसरीकडे. ती बाजू पाण्याने झिजून गुळगुळीत झाली होती.

"चाळीस वर्षां मी कालवां काढतंय, दादानू. गुळगुळीत दगडाक कालव कधी धरूक नाय. कोरलाचा पण तसाच. त्येका बोटां टेकूक जागा व्हयी."

नाना कितीतरी वेळ त्या दगडावर अंगठा फिरवत राहिले. मग स्वतःच्या जाळीवर. मग दगडावर.

"म्हणजे मी सगळं उलटं केलं?"

"बूड बरा केलंत. बाकी..." मावशीने मान हलवली.

मला वाटलं आता टांकी फेकतील. नानांनी टोकदार टांकी उचलली, पहिल्या जाळीच्या चमकत्या अंगावर ठेवली, डोळे मिटले आणि हातोडी मारली. ओरखडा पडला. आवारातली सगळी टक टक बंद झाली.

"हाय हाय," नाना म्हणाले. दुसरी मारली. "हाय राम." तिसऱ्या ठोक्याला हसायला लागले. "पैंतीस साल घासायला शिकवलं लोकांना. आता बिघडवायला कोण शिकवणार?" मग माझ्याकडे बघितलं. "अरे, हा आहे ना! हा तर एक्सपर्ट आहे. ये बेटा, बस. घे टांकी. तुला येईल हे काम."

सगळे हसले, मीही हसलो. बसलो. चार वर्षांनी हातात टांकी, अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे मिळून चांगला माल बिघडवत होतो. काकू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "याला म्हणतात मिळून-मिसळून काम." मावशी प्रत्येक दगडावरून हात फिरवून पास-नापास करत होती. नानांच्या दोन जाळ्या नापास झाल्या, फारच छान होत्या.

शेवटी नाना आत गेले आणि एक जाळी घेऊन आले. मी बघताक्षणी ओळखली. डाव्या बाजूला नक्षी पूर्ण, उजवीकडे नुसत्या खुणा आणि माझ्या टांकीचे ओबडधोबड घाव. सोडून गेलो होतो तशीच. पुरली नव्हती, भिंतीत घातली नव्हती, कोणाला पूर्ण करायलाही दिली नव्हती.

"ही तर तुटलेली नाही," मी म्हटलं.

"पूर्ण पण नाही. घेऊन जा." मावशीने उजव्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पयलो नंबर."

सोमवारी अकराला ट्रक सुटला. नानांनी पेंढा स्वतः भरला. आम्ही दुपारच्या गाडीने निघालो. स्टेशनवर सोडायला नाना येतील असं वाटलं नव्हतं, आले, आणि मावशीला गजकचा डबा देऊन मला म्हणाले, "चिकटलं की सांग."

ट्रक आमच्या नाक्यावर आला तेव्हा पेंढ्यात एक जाळी वेगळीच निघाली. आरशासारखी घासलेली. एकीवर तरी हात चालवणं नानांना जमलं नसावं. ती आता मावशीच्या खानावळीत, चुलीच्या वरच्या झरोक्यात बसवली आहे. कधी आलात तर बघा, माशाच्या ताटाचे वेगळे पैसे, जाळी फुकट. बाकीच्या दोरीने एकेक करून पाण्यात सोडल्या. एकही उलटली नाही. पहिल्याच आठवड्यात छोटे मासे भोकांतून ये-जा करायला लागले.

मासे येणं वेगळं, प्रवाळ धरणं वेगळं. नाना दर रविवारी फोन करायचे. "चिकटलं?" "नाही नाना." "बरं." फोन बंद. काही तुकडे पांढरे पडून मेले, तेही सांगितलं. त्या दिवशी ते जरा जास्त बोलले, पाणी गरम असतं का वगैरे.

एप्रिलच्या सुरुवातीला मी माझ्या जाळीपाशी खाली गेलो. बांधलेल्या तुकड्याच्या बुडाशी, दगडावर, नखाएवढी नवी कड पसरली होती. बोटाने ढकलून बघायचा मोह झाला, पण हात मागे ठेवला. मावशी वर बोटीत होती. मी वर येऊन तोंडातून नळी काढायच्या आत तिला कळलं, कारण मी पाण्यातच हसत होतो म्हणे.

रविवारची वाट बघितली नाही. ओल्या हातानेच फोन लावला. मागे टक टक चालू होती.

"नाना, धरलं."

टक टक थांबली. "कुठल्या बाजूला?"

"उजव्या. मी सोडली होती तिथे."

नानांनी टांकी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चल, ठीक आहे. बाकीची नक्षी आता तुझं प्रवाळच पूर्ण करेल." आणि फोन न ठेवताच परत कामाला लागले. मी बोटीवर उभा राहून बराच वेळ ती टक टक ऐकत होतो.