दत्तूमामांचा अबोला

मामी फोनवर रडली नाही. "मामा गेले गो. दुपारचे जेवून पडले ते उठलेच नाय," एवढंच म्हणाली. मी पोलादपूरला शाळेत शिकवत होते. तशीच महाडची एसटी धरली. आता काही आठवडे झाले, तरी बोलताना मी अजून 'मामा म्हणतात' असंच म्हणते...

दत्तूमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. महाडला नदीकडच्या आळीत त्यांचं घर. वर स्वतः राहायचे, खालच्या खोल्या भाड्याने. भाडं थकलं की आळीतले घरमालक कुणी वीज तोडत, कुणी सामान रस्त्यावर काढत. मामांना हे सगळं हलकटपणाचं वाटे. त्यांचं हत्यार एकच, अबोला. थकलेला भाडेकरू अंगणात दिसला की ते त्याच्याऐवजी मांजराशी बोलायचे. "लाज असली की माणूस आपसूक देतो," म्हणायचे, आणि वैताग म्हणजे बहुतेकदा तसंच व्हायचं. केवढा तोरा होता त्यांना त्याचा!

सकपाळ टेलर खालच्या खोलीत एकटेच राहायचे, बायकोमुलं गावी, उमरठला. तयार कपड्यांपुढे त्यांचं काम आटलं, भाडं थांबलं आणि मामांचं बोलणंही. सकपाळ इतके ओशाळले की मामा अंगणात असले तर दार उघडत नसत. "बघ, लागू पडतंय," मामा मला म्हणाले होते.

त्या पावसाळ्यात पाणी आळीत शिरलं तेव्हा मी तिथेच अडकले होते. महाडला पुराचं नवल नाही. खालचे लोक सवयीने वर येतात. बाकीचे भाडेकरू गाद्या, पोरं घेऊन आमच्याकडे आले. सकपाळ नाहीत. गेले असतील कुणाकडे, असं आम्ही धरून चाललो. मामांना मात्र चैन पडेना. ते बुडालेल्या पायऱ्या उतरत गेले, मी जिन्यातच थांबले. मामांनी दार ढकललं तेव्हा जिन्यातून दिसलं, सकपाळ शिलाईच्या मशिनीवर बसले होते आणि पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं.

"सकपाळ, वर ये रे!" कित्येक महिन्यांनी मामा त्यांच्याशी बोलले.

"कसा येऊ मामा? तोंड हाय का मला?"

"तोंड नसलं तरी पाय हायत ना? चल!"

दंडाला धरून त्यांना वर आणलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "माणूस मेला असता गो... मी एक शब्द न बोलता," म्हणाले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

मामा काही संत झाले नाहीत. पुढेही भाडं मागितलं, एकाला तर खोली सोडायला लावली. पण जे काय सांगायचं ते वर बोलावून, समोर बसवून. कधी कधी चांगली जुंपायची, आळीला ऐकू जाईल इतकी.

तेराव्यानंतर मुंबईचा मामेभाऊ म्हणाला, "आई, खालचा नवीन माणूस भाडं देत नाही. वकिलाकडून पोस्टाने नोटीस पाठवतो, मॅटर क्लोज."

मामी कपबशा पुसत होती. "नोटीस दे की. पन पोस्टानं नको. वर बोलव, चहा पाज, मग हातात दे. पावसाळा जवळ आलाय रे. त्याला आपला जिना चढायची सवय होऊ दे."