तात्यांच्या शेतावर रुतलेली बोट

आमच्या मच्छीमार संस्थेतले निम्मे सभासद माळकरी होते, यावरूनच काय ते समजा. धरणात गाव गेलं, रानं गेली, आणि बदल्यात आम्हाला त्याच पाण्यात मासे धरायचा हक्क मिळाला. ज्वारी काढणारी माणसं आम्ही, पोहता येणारी गावात चार-पाच. तरी संस्था काढली, चेअरमन निवडला, आणि पुढं कधीतरी कोकणातून ट्रकवर घालून एक मोटारबोट आणली. नारळ फोडला, बोटीच्या टोकाला गोंडा बांधला. पोळ्याला तर तिला हळदकुंकू लावून पुरणपोळीही दाखवली, जी नंतर माझ्या पोरीनं खाल्ली.

मी सांगतोय त्या साली पाऊस नावालाच झाला. त्यात खालच्या शहराला प्यायला पाणी सोडलेलं. नवरात्रातच पाणी गावापासून तासाभराच्या वाटेवर गेलं, मधे नुसता गाळ आणि काटेरी बाभळी. रोज जाऊन-येऊन काम होईना. जाळी टाकून घरी आलं की कोणीतरी डोळा चुकवून कापून न्यायचं. शेवटी चेअरमन म्हणाले, "तिघंजन बोटीवरच ऱ्हावा. पाणी आटायच्या आत मासळी भाईर काडा. एकदा का बोट गाळात बसली की संपलं समदं."

माझ्यासाठी संपलं म्हणजे कोयता. बायकोनं आधीच बजावलं होतं, "पोरगी दहावीला हाय. औंदा मी ऊस तोडायला येनार न्हाई. बोट चालवा न्हाईतर काय बी करा." मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. शब्द द्यायला माझं काय जात होतं?

तर आम्ही तिघं. मिस्त्री माझ्याच वयाचा, जन्म विहिरीवरची इंजिनं खोलण्यात गेलेला. बोटीचं इंजिनही तो विहिरीवरचंच समजायचा. तिसरे माझे चुलते, तात्या. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात माळ, मासा खाणं सोडा, वासही नको. त्यांना बोटीवर घेतलं ते वाट दाखवायला, कारण बोट चालायची ती आमच्या जुन्या गावावरूनच, आणि ते गाव त्यांच्याइतकं कोणाच्या ध्यानात नव्हतं.

बोटीवर राहणं म्हणजे मजा, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा राहून बघावं. वीस-बावीस फुटांची बोट, वर ताडपत्री, खाली तेलकट फळ्या. तीन माणसं, एक इंजिन, जाळी, आणि दोन स्टोव्ह. दोन का, तर तात्यांच्या भाकरीच्या तव्याला आमच्या कढईचा वारा लागता कामा नये. परसाकडला जायचं तर गुडघाभर गाळातून, आणि येताना पाय धुवायचे ते पुन्हा त्याच गढूळ पाण्यात. मिस्त्री दिवसभर तंबाखू थुंकायचा आणि वारा नेमका माझ्याकडं असायचा. पहाटे तात्या बोटीच्या कडेला बसून डोक्यावर तांब्या ओतून घ्यायचे, मग इंजिनाच्या आवाजावर मात करत अभंग. पहिल्या आठवड्यात माझं डोकं असं उठलं, की वाटायचं उडी टाकावी. पण पोहता कुठं येत होतं?

वाट दाखवणं तर ऐकण्यासारखं. चहूकडं नुसतं पाणी, आणि हे म्हणणार, "आता पारावरनं डावीकडं घे." कुठला पार, कुठलं डावं! "हळू, हळू, शाळंची भित हाय खाली." मी वैतागून हळू करायचो. मिस्त्री बांबूनं खाली ढोसायचा, आणि आईशप्पत, टक्कन दगड लागायचा. एकदा नाही, रोज. पारावरून डावं घेतलं की पाणी खोल असायचं, म्हातारा सांगेल तसंच. दोन आठवड्यांत मी म्हाताऱ्याच्या शब्दावर डोळे झाकून बोट हाकायला लागलो. चूक तिथंच झाली, आणि ती माझी.

त्या दिवशी सकाळी जाळ्यात जे आलं ते बघून मिस्त्री शिट्टी वाजवायला लागला. कटला, रोहू, एकेक हातभर. पाणी कमी झालं की मासा एका जागी गोळा होतो, तसा झाला होता. बोटीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तात्या नाकाला उपरणं लावून पार टोकाला जाऊन बसले. अंबाजोगाईहून व्यापाऱ्याचा बर्फाचा टेम्पो दुपारी धरणाच्या भिंतीपाशी येणार होता. नदीच्या जुन्या पात्रातून वळसा घेतला तर दोन तास, आणि ऊन असं की मासा तासाभरात नरम पडावा.

तात्या उपरण्यातूनच बोलले, "नदीनं कशाला? सरळ घे. आपल्या शेतावरनं."

"तात्या, पाणी लई उतरलंय."

"आरं, शेताच्या कडंला वढा हाय. दोन पुरूस पाणी आसंल त्येच्यात. ल्हानपनापासनं उड्या मारल्यात मी तितं, आन् तू मला सांगतो व्हय?"

तरी त्यांनी ओढा म्हणून दाखवलेल्या जागी आल्यावर मी बांबू टाकला. सरसर आठ फूट खाली गेला, कशाला म्हणून लागला नाही. आता आठ फूट बांबू बुडतोय म्हटल्यावर माणूस काय करणार? मी म्हणालो, "चला."

बांबू सगळा पाण्यात गेलाच नव्हता. पाणी वरचं दोनेक फूट. त्याच्या खाली इतक्या वर्षांत साठलेला गाळ, लोण्यासारखा मऊ. ओढा कधीच बुजला होता. तात्यांना ओढा ठाऊक होता, गाळ ठाऊक नव्हता, आणि आम्हा दोघांना तर काहीच ठाऊक नव्हतं.

बोट मंदावली. इथं कुणी कोकणातला माणूस असता तर त्यानं इंजिन बंद करून बोट मागं ढकलली असती. पण आमच्याकडं काहीही रुतलं, ट्रॅक्टर असो की जीप, इलाज एकच: रेस द्यायची. मी ओरडलो, "दे रेस!" मिस्त्रीनं दिली. बोटीनं स्वतःला आणखी हातभर पुढं पुरून घेतलं. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या नळीनं गाळ ओढला, काळा धूर निघाला आणि इंजिन जाम झालं.

"काय बे, बघ की काय झालं ते!" मी मिस्त्रीवर खेकसलो.

"बघायचं काय त्यात? बसलं इंजिन. आन् बोट बी."

उतरलो. कमरेपर्यंत गेलो. ढकलली, शिव्या घातल्या, पुन्हा ढकलली. चेअरमनला फोन लावला. त्यांनी ट्रॅक्टर पाठवला, तो दोन फर्लांग अलीकडं स्वतःच रुतला. त्याला काढायला दुसरा आला. आम्ही बोटीत उभं राहून लांबून तो तमाशा बघत होतो, पायाखाली मासळी वास मारायला लागली होती, आणि भिंतीपाशी येऊन टेम्पो रिकामा परत गेल्याचं फोनवर कळलं. चार दिवसांनी बघतो तर पाण्याची कड बोटीपासून पन्नास पावलं मागं सरकलेली. बोट आता ओल्या जमिनीवर बसली होती.

मग माझा तोल गेला. तात्या खाली उतरून, धोतर खोचून, गाळात हात घालून बघत होते. मी वरून ओरडलो, "काय बघताय? शेत? तुमचं शेत न्हाई ते! धरनात गेलं, समद्या जगाला कळलं, तुमालाच कळंना! तुमाला हितलं कायी म्हंजी कायी ठाव न्हाई!"

बापाच्या जागी असलेल्या माणसाला मी असं बोललो. अजूनही आठवलं की कानशिलं तापतात. त्यांनी फक्त हात धुतले.

मिस्त्री हात पुसायला फडकं शोधत होता. त्यानं तात्यांचं गाठोडं सोडलं तर आतून पिशवी निघाली. पिशवीत हरभरा, निवडलेला, बियाण्याचा. मी विचारलं,

"तात्या, बोटीवर हरभरा कावून?"

"गाळपेरीला." पाणी उतरून जमीन उघडी पडली की ज्याची त्यानं ओलीवर पेरायची, ती गाळपेर. धरणाकाठी सगळेच करतात. "समद्यांची रानं मागं कंदी ना कंदी उघडी पडली. आपलंच लई खाली हाय, एकदा बी न्हाई पडलं. औंदा पडंल वाटलं."

"म्हंजी तुमी मुद्दाम आनली बोट हितं?"

त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाले, "बघायचं हुतं. रुतवायची न्हवती."

घरी गेलो. वाटलं, बायको भांडेल, भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माळ्यावरचे दोन कोयते काढले, माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "धार लावून आना." दिवाळी झाल्यावर ऊसतोड टोळीचा ट्रक आला. पोरीला मावशीकडं धारूरला ठेवलं. ती ट्रकपर्यंत आलीच नाही. तात्या म्हणाले होते, मी बोट राखतो. निघताना मी त्यांना भेटलो नाही.

पाडव्याच्या तोंडावर परत आलो. बोट तिथंच होती, एका अंगावर कललेली, आणि तिच्या चारी बाजूंनी कापलेल्या हरभऱ्याची धसकटं. ताडपत्रीखाली पोती रचलेली. तात्या आणखी वाळले होते, पण चेहरा असा की मला पुन्हा राग आला. आमचं वाटोळं झालं आणि यांचं पीक आलं! त्यांनी एक पोतं बायकोपुढं सरकवलं.

"पुरण घाल पोरीला. आपल्या शेतातला हाय."

बायकोनं दाणे ओंजळीत घेऊन बघितले. उसाच्या पाचटानं तिचे हात फाटले होते. "झ्याक हाय, तात्या," ती म्हणाली. "पर पोरीच्या पेपराला मी न्हवते." आणि पोतं उचलून चालायला लागली.

तात्यांनी मान खाली घातली.

पुढच्या साली पाणी आलं, बोट आपसूक उठली. मिस्त्रीनं इंजिन खोलून बसवलं. पुन्हा आम्ही तिघं, तेच दोन स्टोव्ह, तीच तंबाखू. फक्त तात्या बोलेनासे झाले होते. पुढं बसायचे, हात मांडीवर. "तात्या, कुठनं घेऊ?" विचारलं की, "तुला ठाव." एवढंच. आता कोणी डावीकडं घे म्हणत नव्हतं, आणि मला त्याचाही वैताग यायचा. पारापाशी मीच मनात म्हणायचो, डावीकडं. शाळेपाशी मीच हळू करायचो.

एका सकाळी आम्ही त्या जागेवर आलो. वर आता खरंच दोन पुरुष पाणी होतं. मी इंजिन बंद केलं. माफी मागायला मला शब्द सुचेना, कधीच सुचत नाहीत.

"काय झालं?" तात्यांनी मागं न बघता विचारलं.

"तात्या, तुमचं शेत आलं."

त्यांनी पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मग थांबलास कावून?" ते म्हणाले. "गाळ हाय हितं. नदीनं घे."